सौर वाऱ्यातला शॉक ओळखायचा कसा? नव्याने आलेख वाचणाऱ्यांसाठी

सूर्यापासून भारित कणांचा एक प्रवाह अखंड बाहेर वाहत असतो, तो सौर वारा. पृथ्वीच्या अंतरावर त्याचा वेग सेकंदाला 300 ते 800 किलोमीटर, घनता दर घन सेंटीमीटरमागे पाचेक प्रोटॉन, तापमान लाखभर केल्व्हिन आणि सोबत ओढत आणलेलं चुंबकीय क्षेत्र पाचेक नॅनोटेस्ला. हे आकडे डोक्यात पक्के बसवून घ्या. पुढचं सगळं काम या आकड्यांनी एकाएकी मारलेली उडी शोधण्याचं आणि ती उडी खरी की खोटी हे ठरवण्याचं आहे.

उडी कशामुळे बसते? बहुतेक वेळा सीएमईमुळे, म्हणजे सूर्याच्या किरीटातून (कोरोना, सूर्याचं सर्वात बाहेरचं वातावरण) सुटलेल्या अब्जावधी टनांच्या चुंबकित ढगामुळे. हा ढग पुढच्या संथ वाऱ्यात मागून घुसतो. या प्लाझ्मात, म्हणजे भारित कणांच्या वायूत, दाबाची बातमी पुढे नेणाऱ्या लाटा सेकंदाला पन्नास ते शंभर किलोमीटर एवढ्याच वेगाने पळतात. ढग त्याहून जोरात आला की पुढच्या वाऱ्याला मागून काय येतंय याची वर्दीच मिळत नाही. दाब साचत जातो आणि वेग, घनता, तापमान, क्षेत्र हे सगळं एका पातळ पडद्यात एकदम बदलतं. हाच आघात तरंग. रोजच्या बोलण्यात सगळे नुसतं शॉक म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हवेतल्या शॉकमध्ये रेणू एकमेकांवर आदळून हा बदल घडवतात. इथे कण इतके विरळ आहेत, की सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येईतो एक प्रोटॉन दुसऱ्याला जेमतेम एकदा धडकेल. धडकेचं काम विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं करतात. काही प्रोटॉन त्या पडद्यावरून उलटे परततात, क्षेत्राभोवती गिरक्या घेतात आणि त्यातून उष्णता तयार होते. असे शॉक ग्रहांमधल्या पोकळीत असावेत हे टॉमस गोल्ड यांनी 1950च्या दशकात सुचवलं होतं. पृथ्वीवरची चुंबकीय वादळं इतकी झटकन कशी सुरू होतात, याचं उत्तर त्यांना हवं होतं. 7 ऑक्टोबर 1962 रोजी शुक्राच्या वाटेवर असलेल्या मॅरिनर 2 यानावरून असा एक शॉक प्रत्यक्ष गेला आणि प्रश्न मिटला.

पायरी 1: डेटा घ्या, पण कुठल्या जागेचा आहे ते आधी बघा

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे 15 लाख किलोमीटरवर एल-1 हा बिंदू आहे. विंड (1994 साली सोडलेलं), एस (1997), डिस्कव्हर (2015) आणि आदित्य-एल1 (2023 साली सोडलेलं, जानेवारी 2024 मध्ये पोचलेलं) ही यानं याच परिसरातली. शिकण्यासाठी विंडचा डेटा घ्यावा असं मी सुचवेन. त्याचा चुंबकमापक सेकंदाला सुमारे 11 मोजमापं घेतो, प्लाझ्माची मोजमापं काही सेकंदांच्या अंतराने मिळतात आणि तीस वर्षांचा साठा नासाच्या सीडीएवेब या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहे.

ऑम्नीवेब या नासाच्याच दुसऱ्या संकेतस्थळावरचा, अनेक यानांचा एकत्र जुळवलेला डेटा वापरायला फार सोपा, म्हणून नवखे तिकडे वळतात. त्यात एक मेख आहे. ऑम्नीच्या एक मिनिटाच्या मालिकेत वेळ यानावरची नसते. वारा पृथ्वीपुढे कायम उभ्या असलेल्या शॉकपाशी, म्हणजे धनुशॉकपाशी, कधी पोचेल त्या हिशेबाने ती पुढे सरकवलेली असते. एका खिडकीत विंड आणि दुसरीत ऑम्नी उघडून बसलात तर एकच शॉक अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने दोनदा दिसेल. आकडेवारीसाठी ऑम्नी उत्तम, पण शॉकचा गाभा बघायचा असेल तर यानाचा मूळ डेटाच घ्या.

सरावासाठी 17 मार्च 2015 हा दिवस निवडा. यूटी म्हणजे जागतिक वेळेनुसार पहाटे चारच्या सुमारास एल-1 वरून एक स्वच्छ शॉक गेला. दुसरा दिवस 10 मे 2024. तो शॉक दुपारी साडेचारनंतर लगेच आला आणि जास्त जोरकस होता.

पायरी 2: पाच रेघा एकाखाली एक काढा

एकाच वेळेच्या अक्षावर, वरून खाली: चुंबकीय क्षेत्राचं एकूण मान, क्षेत्राचा दक्षिणोत्तर घटक म्हणजे बीझेड, वेग, घनता, तापमान. घनता आणि तापमान लॉगरिदमिक मापात काढा, नाहीतर एखादा मोठा उंचवटा बाकीचं सगळं सपाट करून टाकतो. सुरुवातीला बारा तासांची खिडकी ठेवा, संशयित जागा सापडली की अर्ध्या तासावर या.

वेगाबद्दल एक सूचना. पृथ्वीकेंद्री निर्देशांकांत एक्स अक्ष सूर्याकडे असतो, म्हणून बाहेर वाहणाऱ्या वाऱ्याचा एक्स-घटक उणे येतो. वेग 400 वरून 550 झाला तर ही रेघ उणे 400 वरून उणे 550 वर जाते, म्हणजे खाली पडते. गोंधळ टाळायचा तर एकूण वेग काढा. बीझेड मात्र जीएसएम निर्देशांकांतलाच घ्या, पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाशी त्याचा थेट संबंध आहे.

पायरी 3: सगळ्या रेघा एकाच क्षणी हलल्या का?

पृथ्वीजवळ बहुतेक वेळा दिसतो तो वेगवान पुढचालीचा शॉक, म्हणजे वाऱ्याच्याही पुढे, सूर्यापासून दूर पळणारा. त्यात क्षेत्र, वेग, घनता, तापमान या चारही रेघा एकदम वर जातात. एक मिनिटाच्या डेटात ही सरळ उभी भिंत दिसते, आणि तसं दिसणं रास्तच आहे. पडद्याची जाडी साधारण शंभरेक किलोमीटरची असते. सेकंदाला 500 किलोमीटरने तो गेला तर यानावरून जायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. विंडचा पूर्ण वेगाचा चुंबकीय डेटा उघडलात तर त्या भिंतीत दोन-तीन बिंदू हाती लागतात. कधी भिंतीच्या माथ्यावर क्षेत्र क्षणभर जास्तच उसळून खाली बसलेलंही दिसतं. जोरदार शॉकची ती ओळख आहे.

दुसरा प्रकार उलटचालीचा शॉक. वेगवान वारा संथ वाऱ्याला मागून रेटतो तेव्हा दाबलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना शॉक तयार होऊ शकतात. पुढची कड बाहेरच्या दिशेने पळते, मागची सूर्याच्या दिशेने. पण वारा तिच्याहून जोरात बाहेर निघालेला असतो, त्यामुळे तीही शेवटी यानावरून बाहेरच वाहून जाते. यानाला आधी दाबलेला वारा भेटतो आणि मग मोकळा. म्हणून क्षेत्र, घनता, तापमान खाली येतात आणि वेग मात्र वरच जातो. अशा जोड्या सूर्याच्या 27 दिवसांच्या फेऱ्याबरोबर पुन्हा पुन्हा येतात. पृथ्वीच्या अंतरावर त्या नीट पिकलेल्या नसतात, त्याच्या दुप्पट अंतरापलीकडे सर्रास आढळतात. पायोनियर 10 आणि 11 गुरूकडे जाताना त्या ठळक दिसू लागल्या.

संथ शॉक नावाचा आणखी एक गट आहे, त्यातही पुढचालीचा आणि उलटचालीचा असे दोन प्रकार. त्यात घनता आणि क्षेत्र विरुद्ध दिशांना जातात. तो दुर्मीळ आहे आणि पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट चारही प्रकारांत सारखी राहते: यानाला दिसणारा वेग वाढतो. वेगाची रेघ हलली नसेल तर बाकी काहीही दिसत असो, तो शॉक नाही.

पायरी 4: तोतये बाजूला काढा

नवखा इथेच फसतो, म्हणून थोडं थांबू.

पहिला तोतया: घनता एकदम दुप्पट झाली, क्षेत्र तेवढ्याच झटक्यात खाली आलं, वेग होता तसाच. ही दोन वेगळ्या वाऱ्यांमधली नुसती शीव आहे. वायूचा दाब आणि चुंबकीय दाब यांची बेरीज करून पाहा, दोन्ही बाजूंना जवळपास सारखी येईल. शॉकमध्ये ती सारखी येऊच शकत नाही.

दुसरा: क्षेत्राची दिशा गर्रकन फिरली, पण मान आणि घनता जागच्या जागी. नुसती बीझेडची रेघ बघणारे याला हमखास शॉक म्हणतात. एकूण मानाची रेघ वर ठेवायची ती यासाठीच.

तिसरा तोतया जास्त बेरकी आहे. पृथ्वीच्या चुंबकावरणापुढे (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या भागापुढे), सूर्याच्या बाजूला साधारण 90 हजार किलोमीटरवर, एक कायमचा शॉक उभा असतो. तोच धनुशॉक. यान बाहेरून आत जाताना घनता आणि क्षेत्र वाढतात पण वेग घटतो, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. यान आतून बाहेर येतं तेव्हा मात्र वेग वाढतो आणि घनता, तापमान, क्षेत्र तिन्ही उतरतात, म्हणजे हुबेहूब उलटचालीच्या शॉकसारखं चित्र. विंड 2004 पासून कायम एल-1 ला आहे, त्याआधी ते अनेकदा पृथ्वीजवळून फिरत होतं. तेव्हा 2004 च्या आधीचा विंडचा डेटा घेतलात तर त्या क्षणी यान कुठे होतं ते आधी काढा. पृथ्वीपासून दोन-तीन लाख किलोमीटरच्या आत असेल तर निकाल राखून ठेवा.

चौथा तोतया म्हणजे उपकरणाची अडचण. सीएमई जोरदार असेल तर शॉकच्या आधीच उच्च ऊर्जेच्या प्रोटॉनांचा मारा सुरू होतो आणि प्लाझ्मा मोजणारं उपकरण त्यात आंधळं होतं. ऑक्टोबर 2003 च्या अखेरच्या वादळात एस यानाच्या प्लाझ्मा उपकरणाचं असंच झालं. अशा वेळी घनतेची रेघ वेडीवाकडी उडते किंवा गायब होते. चुंबकमापकाला या माऱ्याचा फारसा त्रास होत नाही, त्यामुळे पहिला विश्वास त्याच्यावर ठेवा.

पायरी 5: आधी आणि नंतर, दोन सरासऱ्या

डोळ्यांनी पटलं की आकडे काढा. शॉकच्या आधीची आठेक मिनिटं आणि नंतरची आठेक मिनिटं घ्या, भिंतीला चिकटलेलं एखाद-दुसरं मिनिट दोन्हीकडून सोडा आणि प्रत्येक रेघेची सरासरी काढा. घनता आणि क्षेत्र निदान 1.2 पट झालेलं असावं (उलटचालीच्या शॉकमध्ये तेवढ्याच पटीने घटलेलं), वेगाची उडी निदान 20 किलोमीटर प्रति सेकंद असावी, ही कामचलाऊ चाळणी पुरते.

वरची मर्यादाही लक्षात ठेवा. शॉक कितीही भयंकर असो, घनता चार पटींच्या पुढे जात नाही. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा जमाखर्च दोन्ही बाजूंना जुळलाच पाहिजे, आणि एकअणू वायूसाठी त्या हिशेबातून चार हीच कमाल मर्यादा निघते. तुमच्या सरासरीत गुणोत्तर सात आलं तर निसर्गाने काही नवं केलेलं नाही, नंतरच्या खिडकीत दुसराच एखादा दाट पट्टा शिरला आहे. खिडकी लहान करून पाहा.

पायरी 6: शॉकचा वेग काढा

शॉकचा वेग आणि शॉकमागच्या वाऱ्याचा वेग एकच नाही. पुढचालीचा शॉक नेहमी त्या वाऱ्याच्या पुढे पळत असतो. सूत्र एका ओळीचं आहे: नंतरची घनता गुणिले नंतरचा वेग, त्यातून आधीची घनता गुणिले आधीचा वेग वजा करा आणि उत्तराला दोन घनतांच्या फरकाने भागा.

सरावासाठी एक उदाहरण बनवू. आधी घनता 5, वेग 400. नंतर घनता 15, वेग 550. गुणाकार 8,250 आणि 2,000. फरक 6,250, भागिले 10. शॉकचा वेग सेकंदाला 625 किलोमीटर. एल-1 पासून पृथ्वीपर्यंतचे 15 लाख किलोमीटर कापायला त्याला 2,400 सेकंद, म्हणजे 40 मिनिटं लागतील.

आता जोर. आल्फवेन वेग म्हणजे प्लाझ्मातल्या चुंबकीय लाटांचा वेग. तो काढायला क्षेत्राला घनतेच्या वर्गमुळाने भागा आणि 21.8 ने गुणा. 5 नॅनोटेस्ला आणि घनता 5 असेल तर उत्तर सेकंदाला सुमारे 49 किलोमीटर. शॉक न हललेल्या वाऱ्यापेक्षा 225 ने पुढे पळतोय, म्हणजे आल्फवेन माख अंक (या दोन वेगांचं गुणोत्तर) साडेचारच्या आसपास. ग्रहांमधल्या शॉकसाठी हा चांगलाच दणकट म्हणायचा, यातले बरेचसे दोन-तीनच्या घरात असतात.

हे सगळं शॉक थेट सूर्य-पृथ्वी रेषेत येतोय असं धरून झालं. प्रत्यक्षात पडदा तिरका असतो, आणि मग दोन्ही वेगांचा पडद्याला लंब असलेला घटकच या सूत्रात घालावा लागतो. लंबाची दिशा काढायची सर्वात सोपी रीत चुंबकीय क्षेत्रावर चालते: आधीचं क्षेत्र, नंतरचं क्षेत्र आणि लंब हे तिन्ही एकाच प्रतलात असतात, त्यावरून सदिश गुणाकाराने तो मिळतो. आधीचं क्षेत्र लंबाशी 45 अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल तर भिंत सुबक, उभी दिसते. कमी असेल तर शॉकच्या आधीच क्षेत्र थरथरू लागतं आणि नेमका क्षण दाखवणं कठीण जातं. कोन शून्याच्या किंवा नव्वदच्या अगदी जवळ आला तर ही रीत दगा देते, तेव्हा वेगाचे घटकही सोबत घेणाऱ्या मिश्र रीती वापरा.

पायरी 7: आगाऊ खुणा मागे जाऊन शोधा

शॉक सापडल्यावर आलेख दोन-तीन दिवस मागे न्या. शॉक इलेक्ट्रॉनांना प्रवेग देतो आणि त्यातून टाइप टू नावाचा रेडिओ स्फोट निघतो. त्याची वारंवारता त्या ठिकाणच्या घनतेवर ठरते: घनतेचं वर्गमूळ गुणिले 9, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. सूर्याजवळ घनता प्रचंड असल्याने आवाज मेगाहर्ट्झमध्ये सुरू होतो, आणि शॉक बाहेर येतो तसा सावकाश उतरत पृथ्वीपाशी 20 किलोहर्ट्झच्या आसपास पोचतो. विंडवरच्या रेडिओ उपकरणाच्या आलेखात ही तिरकी उतरती पट्टी दिसली की शॉकचा सूर्यापासूनचा सगळा प्रवासच समोर येतो. लागलेला वेळ मोजा. बहुतेकांना दोन ते चार दिवस लागतात, 1859 च्या कॅरिंग्टन घटनेला (त्या वर्षीच्या प्रचंड सौर वादळाला) साडेसतरा तास पुरले होते आणि ऑगस्ट 1972 च्या सीएमईला 14.6.

काही तास आधीची खूण म्हणजे ऊर्जावान कणांची हळूहळू चढत जाणारी रेघ. तिचं शिखर बहुधा शॉकपाशीच येतं. चालू घडामोडी बघत असाल तर ही रेघ फार उपयोगाची, तिचा चढ पाहून शॉक वाटेत आहे हे कळतं.

पायरी 8: जमिनीवर पडताळा घ्या

शॉक चुंबकावरणावर आदळला की ते दाबलं जातं आणि पृथ्वीवरच्या चुंबकमापकांवर क्षेत्र काही मिनिटांत वर चढतं. क्योतो विद्यापीठाच्या सिम-एच निर्देशांकात ही उडी बघा. किती उडी अपेक्षित आहे तेही काढता येतं. वाऱ्याचा दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले 0.00000167, उत्तर नॅनोपास्कलमध्ये. आपल्या उदाहरणात आधी 1.3, नंतर 7.6. दोन्हींची वर्गमुळं काढा, फरक 1.6 येतो, त्याला 15 ने गुणा. साधारण 24 नॅनोटेस्लाची उडी दिसायला हवी.

17 मार्च 2015 च्या शॉकची उडी जमिनीवर 04:45 ला आली, 10 मे 2024 ची 17:05 ला. यानावरच्या वेळेशी तुलना केलीत तर पहिल्याने पाऊण तासाची सवड दिली आणि दुसऱ्याने अर्ध्या तासाचीही नाही, हे दिसेल. एल-1 वरची सूचना ती एवढीच.

पायरी 9: शॉक आणि वादळ यांची गल्लत करू नका

शॉक आला की आता वादळ येणार असं नव्याने शिकणारे छातीठोकपणे लिहून टाकतात. वादळ ठरतं ते बीझेडवर. क्षेत्र दक्षिणेकडे वळून तासन्‌तास तसंच राहिलं तरच ऊर्जा चुंबकावरणात शिरते. शॉक यात दोन प्रकारे हातभार लावतो: आधीच दक्षिणेकडे असलेलं क्षेत्र दाबून तो कित्येक पटींनी वाढवतो, आणि मागून ढग येत असल्याची बातमी देतो. तो ढग कुठल्या दिशेचं क्षेत्र घेऊन येतोय हे मात्र तो सांगत नाही.

ऑगस्ट 1972 चंच बघा. पृथ्वीपर्यंतचा नोंदलेला सर्वात वेगवान प्रवास, पण ढगातलं क्षेत्र प्रामुख्याने उत्तरेकडे असल्यामुळे वादळाची तीव्रता सांगणारा डीएसटी निर्देशांक (जितका उणे, तितकं मोठं वादळ) उणे 125 च्या आसपासच थांबला. मार्च 1989 मध्ये, क्वेबेकची वीज गेली त्या वादळात, तो उणे 589 पर्यंत उतरला होता. म्हणून 1972 ची घटना किरकोळ होती असं नाही. चुंबकीय क्षेत्रात इतके वेगवान बदल झाले, की व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ पेरलेले चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले. मार्च 1991 मध्ये तर एका शॉकच्या तडाख्याने काही मिनिटांत पृथ्वीभोवती नवा किरणोत्सर्ग पट्टा उभा राहिला, आणि नेमकं तेव्हाच त्या भागात असलेल्या क्रेस उपग्रहाने तो नोंदवला. म्हणून नोंदवहीत शॉकचा जोर आणि वादळाची तीव्रता वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

एवढं जमलं की एखादं वर्ष निवडून त्यातले शॉक स्वतः शोधा आणि मग हेलसिंकी विद्यापीठाच्या हेलिओस्फिअरिक शॉक डेटाबेसमधल्या यादीशी ताडून पाहा. यादी आधी उघडू नका. तुम्हाला सापडलेला एखादा शॉक तिच्यात नसेल तर पहिल्यांदा वेगाची उडी 20 च्या वर होती का ते बघा, मग यानाची जागा. यादीतला एखादा तुमच्याकडून सुटला असेल तर तो बहुधा उलटचालीचा निघेल, कारण उतरणाऱ्या रेघांकडे आपलं लक्ष कमी जातं.